एडोगावा कु मध्ये नवीन आलात? आधी इथलं पाणी ओळखा

टोकियोतल्या एडोगावा वॉर्डात, निशी-कासाईला नवीन उतरलेल्या मराठी माणसाचे पहिल्या आठवड्यातले प्रश्न ठरलेले असतात. इंडियन दुकान कुठे, तूरडाळ चांगली कुठे मिळते, मुलांची शाळा कशी, सेकंडहँड सायकल कुठून घ्यायची. हे सांगायला इथे माणसं भरपूर आहेत आणि ती अगदी आनंदाने सांगतात. पण इतक्या वर्षांत मला एकानेही असं विचारलं नाही की मी जिथे घर घेतलंय ती जमीन समुद्रापेक्षा वर आहे की खाली. खरं तर हाच प्रश्न पहिल्यांदा पडायला हवा, कारण या वॉर्डचा भूगोल काय आणि इतिहास काय, सगळं त्याच्याच पोटात आहे. इथली जमीन नद्यांनी आणून टाकली, मग माणसांनी नद्या वळवल्या, खोदल्या, बुजवल्या, मग जमीनच खाली बसली, आणि आज आपण बांधांच्या मागे बसून डाळ-भात खातोय.

म्हणून हा लेख. दोन-तीन वीकेंड काढलेत तर सगळं आरामात होईल, खर्च जवळपास नाहीच. लहान मुलं असतील तर त्यांना घेऊनच जा, बहुतेक ठिकाणी त्यांना आपल्यापेक्षा जास्त मजा येते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "कु" म्हणजे वॉर्ड हे बरोबर, पण आपल्याकडच्या महापालिकेच्या वॉर्डासारखा नाही. टोकियोचे २३ विशेष वॉर्ड म्हणजे जवळजवळ स्वतंत्र शहरंच, प्रत्येकाचा निवडून दिलेला प्रमुख, निवडून दिलेली सभा, स्वतःचं बजेट. एडोगावा कु हा त्यातला सगळ्यात पूर्वेकडचा, नदी ओलांडली की चिबा प्रांत. क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस किलोमीटर, लोकसंख्या ७ लाखांच्या आसपास. आणि हो, एडोगावाबाशी नावाचं स्टेशन बुंक्यो वॉर्डमध्ये आहे, त्याचा आपल्या वॉर्डशी काही संबंध नाही, माझा एक मित्र पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा तिकडेच जाऊन उभा राहिला होता.

पहिलं काम: कुयाकुशोतून पुराचा नकाशा आणा

नवीन घरात गेल्यावर १४ दिवसांच्या आत पत्त्याची नोंद करायला वॉर्ड ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत, जावंच लागतं. मुख्य ऑफिस चुओ भागात आहे आणि त्याला जवळचं स्टेशन शिन-कोइवा, गंमत म्हणजे ते स्टेशन शेजारच्या कात्सुशिका वॉर्डमध्ये येतं. कासाईकडे राहणाऱ्यांनी तिथपर्यंत जायची गरज नाही, कासाईची शाखा आहे, तिथे काम होतं. तिथे गेल्यावर नोंद झाली की लगेच पळू नका, पुराचा हॅझर्ड मॅप मागून घ्या. परदेशी भाषांमधलाही मिळतो.

हा नकाशा २०१९ मध्ये आला तेव्हा सगळ्या जपानमध्ये त्याची चर्चा झाली. मुखपृष्ठावर आजूबाजूच्या भागाचं चित्र आहे आणि आपल्या वॉर्डवर सरळ लिहिलंय की इथे थांबून चालणार नाही. सरकारी कागदावर, वॉर्डने स्वतःच्याच रहिवाशांना. बरेच लोक चिडले, आपलं घर जिथे आहे तिथेच थांबू नका म्हणताय म्हणजे काय. पण आत उघडून बघितलं की कारण कळतं. वॉर्डची साधारण ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. मोठी नदी फुटली किंवा वादळाबरोबर समुद्र आत आला तर काही ठिकाणी १० मीटर किंवा त्याहून जास्त पाणी चढू शकतं, आणि ते एक-दोन आठवडे ओसरणार नाही. का नाही ओसरणार, कारण ते जाणार कुठे, सगळीकडे बांध आणि आपण मधल्या खोलगट ताटात. पंपाने उपसून बाहेर टाकेपर्यंत ते तसंच राहणार.

मला हा नकाशा आवडतो. लोकांना घाबरवायला नको म्हणून गोड बोलणं सोपं असतं, यांनी खरं ते लिहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १९ नंबरचं मोठं वादळ आलं, आराकावाच्या बाजूच्या लाखो लोकांना वॉर्डने घर सोडायची सूचना दिली आणि शाळांमध्ये माणसं झोपली. तेव्हा लोकांना तो नकाशा आठवला.

घरी आणून फ्रिजवर लावा. त्यावर आपली इमारत शोधा, रंग कुठला आहे ते बघा. बाकीचं शेवटी सांगतो.

दुसरं: नकाशावर नद्या ओढा, मग रेल्वे

एक कोरा कागद घ्या. उजव्या कडेला वरून खाली एक रेघ, ही एडो नदी, खालच्या भागात तिचं नाव जुनी एडो नदी. पलीकडे इचिकावा आणि उरायासु, म्हणजे डिस्नेलँडवालं गाव. डाव्या कडेला दोन समांतर रेघा, आराकावा आणि नाकागावा, मध्ये फक्त एक बारीक बांध आणि त्या बांधावरून एक्सप्रेसवे जातो. मधून अजून एक रेघ, शिन-नाकागावा, ही १९६३ मध्ये पूर्ण झालेली खोदलेली नदी. खाली टोकियोचा उपसागर.

आता आराकावाच्या डावीकडे एक छोटा तुकडा काढा. हिराई आणि कोमात्सुगावा. नवीन माणसाला हे विचित्र वाटतं, सगळा वॉर्ड नदीच्या पूर्वेला आणि हा एवढाच पश्चिमेला कसा? तर नदी नंतर आली. १९१० मध्ये टोकियोत भयंकर पूर आला, मग सरकारने ठरवलं की शहराच्या बाहेरून पाणी समुद्रात नेणारा एक प्रचंड कालवा खोदायचा. १९११ ला काम सुरू झालं, १९२४ ला पाणी सोडलं, १९३० ला पूर्ण झालं. साधारण २२ किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद, त्यासाठी तेराशेच्या आसपास घरं उठवली गेली. या कामावर आओयामा आकिरा नावाचे इंजिनिअर होते, पनामा कालव्याच्या कामावर जाऊन शिकून आलेले एकमेव जपानी इंजिनिअर. तर ही जी एवढी मोठी आराकावा आपल्याला तोझाई लाइनमधून दिसते ना, ती निसर्गाने केलेली नदी नाहीये, माणसांनी खोदलेली आहे, आणि ती खोदताना कोमात्सुगावा गावाचे दोन तुकडे झाले. एक तुकडा पलीकडे राहिला तो आजही तसाच.

रेल्वे ओढताना लक्षात येईल की सगळ्या लाइनी आडव्या आहेत. वर केईसेई, मग जेआरची सोबू, मध्ये शिंजुकु लाइन, खाली तोझाई, अगदी समुद्राजवळ केईयो. सगळ्या शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या. वॉर्डमध्ये उत्तर-दक्षिण जायला एकही ट्रेन नाही, म्हणजे निशी-कासाईहून कोइवाला ट्रेनने जायचं तर मोठा वळसा. त्यासाठी बस. कान्नाना रस्त्यावरून कोइवा, इचिनोए, कासाई असं करत डिस्नेपर्यंत जाणारी शटल सेव्हन नावाची बस आहे, ती एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडकीत बसून करा, एका तिकिटात वॉर्डचं उभं दर्शन होतं. नाहीतर सायकल. जमीन एवढी सपाट आहे की चढ लागला म्हणजे समजायचं पुढे नदी आहे, कारण इथे चढ फक्त बांधाला आणि पुलालाच असतो.

तिसरं: फुनाबोरीच्या टॉवरवर चढा

शिंजुकु लाइनचं फुनाबोरी स्टेशन, बाहेर पडलं की समोरच टॉवर हॉल. १९९९ मध्ये बांधलेला, टॉवर ११५ मीटर उंच, वर जायला पैसे लागत नाहीत. जायच्या आधी उघडा आहे ना ते एकदा बघून घ्या. आकाश स्वच्छ असेल अशा थंडीतल्या सकाळी गेलात तर पश्चिमेला फुजी दिसतो, पण तुम्ही फुजी बघून झाला की खाली बघा. छपरांची सपाट चटई आणि तिला कापत जाणाऱ्या पाण्याच्या पट्ट्या. कागदावर ओढलेल्या रेघा इथे खऱ्या दिसतात. पाणी आणि छपरं यांच्या उंचीत फरक किती कमी आहे हे वरून पहिल्यांदा पटतं.

फुनाबोरीलाच इस्कॉनचं मंदिर पण आहे, रविवारी गेलात तर दोन्ही कामं होतील.

चौथं: शिनकावा आणि फुरुकावा, एकाच दिवशी

फुनाबोरीहून दक्षिणेला चालत थोडं गेलं की शिनकावा. आज दोन्ही काठांवर चेरीची झाडं, लाकडी पूल, निवांत पाणी. पण चारशे वर्षांपूर्वी हा एडो शहराचा, म्हणजे जुन्या टोकियोचा, मिठाचा रस्ता होता. तोकुगावा इएयासु या बड्या सरदाराने एडोत बस्तान बसवलं तेव्हा त्याला मीठ हवं होतं, आणि मीठ होतं पलीकडच्या ग्योतोकुच्या मिठागरांत. भाईंदर-वसईकडची मिठागरं ज्यांनी बघितलीत त्यांना चित्र लगेच डोळ्यापुढे येईल. समुद्रातून होड्या नेणं धोक्याचं म्हणून आतल्या आत कालव्यांनी मीठ शहरात आणायची सोय केली. पुढे मिठाबरोबर भाज्या, तांदूळ, मिसो, आणि नरितासानच्या देवळाला जाणारे यात्रेकरूही याच पाण्यावरून जाऊ लागले.

आता यातली खरी गंमत. इथली मूळ नदी वळणं घेत जायची, होड्यांना त्रास व्हायचा, म्हणून १६२९ मध्ये सरळ नवीन पात्र खोदलं. नवीन ते शिनकावा, म्हणजे अक्षरशः नवी नदी. आणि जे वळणाचं जुनं पात्र मागे राहिलं त्याचं नाव पडलं फुरुकावा, जुनी नदी. चारशे वर्षं झाली तरी नवी ती नवीच.

फुरुकावाचं पुढे काय झालं ते या वॉर्डबद्दल मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचं वाटतं. १९६० च्या दशकात इथे शेतं जाऊन घरं आणि कारखाने आले, गटारं नव्हती, सगळं सांडपाणी या ओढ्यांमध्ये. काळं, घाण पाणी, वास. बाकी शहरांनी अशा वेळी काय केलं, ओढे बुजवले, वर रस्ते केले, टोकियोत कितीतरी रस्त्यांच्या खाली अशा नद्या पुरलेल्या आहेत. इथे मात्र फुरुकावा स्वच्छ करून १९७३ मध्ये त्याचं लहान मुलांना पाय सोडून बसता येईल असं वाहतं उद्यान केलं. शिनसुइ कोएन म्हणतात त्याला, पाण्याशी सलगी करायचं उद्यान. जपानमधलं पहिलं. मग वॉर्डने अशी अजून चार केली आणि ओढ्यांच्या काठच्या हिरव्या वाटा वेगळ्या. उन्हाळ्यात इचिनोएजवळच्या साकाइगावाला जा, मुलं जाळ्या घेऊन गुडघाभर पाण्यात कोळंबी शोधत असतात. आपल्याकडे पुण्यामुंबईत किती ओढे असे झाले असते हा विचार मला तिथे बसलं की दर वेळी छळतो.

इचिनोएच्या बाजूला गेलातच तर जुन्या गावप्रमुखाचा वाडा बघून घ्या, गवताने शाकारलेलं छप्पर, मागे बांबूचं बन, भोवती खंदक. शिनकावा खोदायच्या काळातली शेतकरी वस्ती कशी असेल याची कल्पना येते.

पाचवं: कोमात्सुगावा, आराकावाच्या पलीकडचा तुकडा

शिंजुकु लाइनने हिगाशी-ओजिमाला उतरा. हे स्टेशनच मुळी क्यू-नाकागावा, म्हणजे जुन्या नाकागावा नदीच्या वर बांधलंय, एका बाजूने उतरलं की कोतो वॉर्ड, दुसऱ्या बाजूने आपला एडोगावा. पूर्वेकडून बाहेर पडा.

इथे दोन दरवाजे बघायचे. एक जुना कोमात्सुगावा लॉक गेट, १९३० चा, किल्ल्याच्या बुरुजासारखा दिसतो आणि बागेत जमिनीवर एकटाच उभा आहे. जवळ गेल्यावर कळतं की आपल्याला दिसतोय तो फक्त वरचा भाग, जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीखाली गाडलेला आहे. कारण पुरापासून वाचण्यासाठी इथली अख्खी जमीनच भर घालून उंच केली. सुपर लेव्ही म्हणतात, म्हणजे बांध नुसती भिंत नाही, तर खूप रुंद, हळूहळू उतरत जाणारं टेकाड, त्यावरच इमारती, बाग, चेरीची झाडं. उंच जमीन काय असते ते इथे पायाला कळतं.

दुसरा आराकावा लॉक गेट, २००५ चा. आराकावाची पातळी वर, आतल्या क्यू-नाकागावाची खाली, फरक ३ मीटरपर्यंत असतो. बोट आत येते, मागचा दरवाजा बंद, पाणी खाली जातं, पुढचा दरवाजा उघडतो. काठावर उभं राहून बघता येतं आणि मुलं तर तिथून हलत नाहीत. भूकंपात रस्ते बंद झाले तर सामान आणि माणसं बोटीने नेता यावीत हाही त्यामागचा उद्देश आहे. आतली नदी मुद्दाम पंपाने खाली ठेवलेली आहे, कारण तिच्या काठची जमीन भरतीच्या पातळीहून खाली आहे.

जमीन खाली का गेली हे इथेच सांगतो. मुळात हा नद्यांच्या मुखाचा गाळ, मऊ. त्यात विसाव्या शतकात कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसलं, आणि दक्षिणेकडे जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेला नैसर्गिक वायू काढायला अजून पाणी उपसलं. ओला स्पंज पिळला की बसतो तशी जमीन बसत गेली, दर वर्षी. १९७२ मध्ये टोकियो सरकारने वायू काढायचे हक्कच विकत घेतले आणि ते काम थांबवलं, तेव्हा कुठे बसणं थांबलं. पण एकदा बसलेली जमीन परत वर येत नाही.

आणि याच बागेच्या वरच्या मोकळ्या मैदानाखाली अजून एक गोष्ट आहे. जुन्या रासायनिक कारखान्याचा विषारी सहा-संयुजी क्रोमियम असलेला कचरा या भागात ठिकठिकाणी टाकलेला होता, १९७० च्या दशकात ते उघडकीस आलं आणि मोठं प्रकरण झालं. त्यावर प्रक्रिया करून, बंदिस्त करून तो जमिनीखाली ठेवला आणि वर मैदान केलं. तिथे फलक आहे, भाषांतराचं ॲप लावून वाचा. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हिराई-कोमात्सुगावा जळालं होतं, त्यात कारखाने, हा कचरा, मग बाग. एवढ्याशा तुकड्याने बरंच सोसलंय.

घरी येताना दुकानातून कोमात्सुना घ्या. पालकासारखी ती हिरवी पालेभाजी, तिचं नाव या कोमात्सुगावावरूनच पडलंय. आठवा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, तोकुगावा योशिमुने १७१९ मध्ये ससाण्याने शिकार करायला या बाजूला आला होता, इथल्या देवळात जेवणाला ही भाजी घातलेलं सूप दिलं, त्याला आवडलं, नाव विचारलं तर भाजीला नावच नव्हतं, मग त्यानेच गावाचं नाव दिलं, अशी आख्यायिका आहे. शिन-कोइवाजवळच्या कातोरी देवळात ती आजही सांगतात. लसणाची फोडणी देऊन परतून बघा, डाळीतही चालते, माझ्या घरी आठवड्यातून दोनदा असते.

सहावं: कोइवा आणि शिनोझाकी

निशी-कासाईत राहणारे लोक उत्तरेकडे फारसे जात नाहीत आणि ते मोठं चुकवतात, कारण वॉर्डचा जुना भाग तोच. इसवी सन ७२१ च्या एका जनगणनेच्या कागदात कोवा नावाच्या वस्तीची नोंद सापडते, तीच आजची कोइवा मानतात. तेराशे वर्षं. आणि कासाई हे नाव कात्सुशिकाच्या पश्चिमेचा भाग यावरून आलं असं सांगतात. मुळात वॉर्ड म्हणून जन्म अगदी अलीकडचा, १ ऑक्टोबर १९३२, तीन छोटी शहरं आणि चार गावं एकत्र करून.

कोइवा स्टेशनात योकोझुना, म्हणजे सुमोतला सर्वोच्च पदाचा पैलवान, तोचिनिशिकी याचा पुतळा आहे, इथला भूमिपुत्र. तिथून चालत किंवा बसने झेनयो-जी देवळात जा. तिथलं पाइनचं झाड सहाशे वर्षांहून जुनं, उंच नाही तर आडवं पसरलेलं, खाली लाकडी आधारांचं जंगल. २०११ पासून राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक आहे. पण झाड बघून परत फिरू नका, आवारातला एक स्मारकदगड शोधा. १७८३ मध्ये असामा ज्वालामुखी फुटला, कितीतरी दूर, पार नागानो आणि गुन्माच्या सीमेवर. तिथला चिखल-राखेचा लोंढा नदीत उतरला, घरं, जनावरं, माणसं घेऊन तोने नदीत, तिथून एडो नदीत, आणि मृतदेह वाहत वाहत इथे काठाला लागले. गावकऱ्यांनी त्या अनोळखी माणसांचे अंत्यविधी केले आणि बारा वर्षांनी त्यांच्या नावे हा दगड उभा केला. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा बराच वेळ उभाच राहिलो.

पाणी डोंगरातून इथपर्यंत कसं येतं हे त्या दगडाने कळतं, आणि १९४७ ने पुन्हा दाखवलं. तोने नदी पूर्वी टोकियोच्या उपसागरात यायची. १५९४ ते १६५४ अशी साठ वर्षं खपून ती पूर्वेकडे चोशीला वळवली. मग १९४७ च्या सप्टेंबरात कॅथलीन वादळात सायतामामध्ये तिचा बांध फुटला, आणि पाणी नदीच्या त्याच जुन्या वाटेने दक्षिणेला निघालं. इथे पोचायला त्याला तीन-चार दिवस लागले. आभाळ निरभ्र, पाऊस थांबलेला, आणि घरात पाणी.

शिनोझाकीच्या बाजूला ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी फटाक्यांचा मोठा कार्यक्रम असतो, १९७६ पासून चालू आहे, सुरुवातच ५ सेकंदांत १,००० फटाक्यांनी होते. दुपारपासून नदीकाठी चटई टाकून बसावं लागतं, परतताना स्टेशनवर भयंकर गर्दी, लहान मुलं असतील तर शेवटची दहा मिनिटं सोडून निघा. याच भागात काचेच्या एडो फुरिन, म्हणजे वाऱ्याने वाजणाऱ्या घंटा, आजही फुंकून बनवतात. सोनेरी मासे पाळण्यासाठीही वॉर्ड जुन्या काळापासून प्रसिद्ध, जुलैत कासाईकडच्या ग्योसेन पार्कमध्ये त्यांचा उत्सव भरतो, तिथलं छोटं प्राणीसंग्रहालय तर वर्षभर फुकट.

सातवं: कासाई, म्हणजे आपलं घर

आता आपल्या अंगणात येऊ. निशी-कासाई आज स्टेशनबाहेर हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी सगळं कानावर पडतं असं ठिकाण, पण हे कोळीवाडा होतं म्हटलं तर विश्वास बसत नाही. नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळतात ते समुद्री शेवाळ, त्याची शेती, शिंपले, मासे. १९१७ च्या ऑक्टोबरातल्या वादळात समुद्र आत शिरला आणि गावं, मिठागरं धुवून गेला. १९५८ मध्ये एडो नदीवरच्या एका कागद कारखान्याच्या काळ्या पाण्याने मासे मरायला लागले, उरायासुचे मच्छीमार शेकडोंनी कारखान्यात घुसले, पोलिसांशी मारामारी झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी जपानचे पाण्याच्या प्रदूषणावरचे पहिले राष्ट्रीय कायदे झाले. तरी मासेमारी टिकली नाही, १९६२ मध्ये कासाईच्या मच्छीमारांनी हक्क सोडले.

१९६९ मध्ये तोझाई लाइन आली तेव्हा कासाई स्टेशन झालं, निशी-कासाई मात्र १९७९ चं. लाइन येईपर्यंत या भागाला जमिनीवरचं एकाकी बेट म्हणायचे. १९७२ पासून समुद्रात भर घालायचं काम सुरू झालं आणि सेइशिनचो, रिंकाइचो हे भाग अक्षरशः पाण्यातून वर आले. म्हणजे इथली नवी भर घातलेली जमीन उंच आणि जुनी गावठाणाची जमीन खाली. समुद्राच्या जवळ म्हणून जास्त धोका, असं सरसकट नाही, घर घेताना हे लक्षात ठेवा.

आपली माणसं कशी आली? कोलकात्याहून आलेले जगमोहन चंद्रानी १९७९ च्या सुमारास इथे राहायला आले. मग २००० च्या आगेमागे वायटूके, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांत तारखा चुकण्याच्या प्रश्नासाठी भारतातून सॉफ्टवेअरवाले येऊ लागले, ऑफिसं ओतेमाचीकडे, तोझाई लाइनने सरळ प्रवास, पण परदेशी माणसाला घर कोण देणार. चंद्रानींनी त्यांना घरं मिळवून द्यायला मदत केली. यूआरच्या दांची, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या मोठ्या वसाहती, तिथे हमीदार लागत नाही, घरमालकाला द्यायचं ते परत न मिळणारं "रेइकिन" लागत नाही, म्हणून माणसं तिथे जमत गेली. नवीन येणाऱ्यांनी आजही आधी यूआरच बघावं असं मी सांगेन. २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक या वॉर्डच्या सभेवर निवडून आले, भारतात जन्मलेली व्यक्ती जपानमध्ये निवडणूक जिंकायची ती पहिलीच वेळ. २०२४ च्या जुलैमध्ये वॉर्डात गांधीजींच्या अर्धपुतळ्याचं अनावरण परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी केलं. कोळ्यांचं गाव ते इथपर्यंत, आणि हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात.

पावसाचा दिवस असेल तर कासाई स्टेशनच्या रुळांखाली सबवेचं म्युझियम आहे, १९२७ ची पिवळी गाडी ठेवलीय. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी हिगाशी-कासाईच्या इकाझुचि भागात पुरुष बायकांचे कपडे घालून, रंगरंगोटी करून, पोथ्यांच्या पेट्या खांद्यावर घेऊन घरोघरी पळतात, रोगराई जावी म्हणून. चुकवू नका.

आठवं: समुद्र, आणि मग परत तो नकाशा

कासाई रिंकाइ पार्क, १९८९ चं. मत्स्यालय, ११७ मीटरचा आकाशपाळणा, हे सगळे करतातच. तुम्ही पूल ओलांडून पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर जा, ओहोटीची वेळ बघून. पूर्वेकडचा किनारा पक्ष्यांसाठी राखलेला आहे, तिथे माणसांना बंदी. २०१८ मध्ये या किनाऱ्याला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, टोकियोतला पहिलाच. थंडीत बदकांचे थवे लांबवर काळ्या पट्ट्यासारखे तरंगताना दिसतात. पाठीमागे वळून बघितलं की बांध, त्यामागे झाडं, त्यामागे आपल्या इमारतींचे माथे. किनारा संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतो, घाई ठेवा.

त्या रात्री घरी आल्यावर फ्रिजवरचा नकाशा खाली काढा. आता त्यातली नावं ओळखीची झालेली असतील. आणि घरातल्या सगळ्यांनी बसून एकच गोष्ट ठरवा, मोठं वादळ येणार असं कळलं तर कुणाकडे जायचं. शेजारच्या वॉर्डात नाही, तेही असेच खाली आहेत, पश्चिमेकडे उंचावर. हे जाणं वादळाच्या आदल्या दिवशी, गाड्या चालू असताना, कारण वारा वाढला की आराकावावरच्या पुलावरून तोझाई जात नाही. पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड, औषधं, बाळाचं सामान एका बॅगेत. अगदीच निघता आलं नाही तर आपल्याच किंवा जवळच्या इमारतीत वरचे मजले.

आमचं ठरलेलं आहे, मिताकाला मित्राकडे. त्याचा पत्ता मी नकाशाच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवलाय, आणि त्यालाही सांगून ठेवलंय की चार माणसं येतील.